रेश्माताईची साठ पानं

रेश्माताई पत्ते खेळत नसे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं पत्त्यांचंच आहे. आमच्या ओळखीच्या वर्षभरात मी तिला स्पर्धेच्या टेबलावर एकदाही बसलेलं पाहिलं नाही. घरी, माझ्यासमोर, ती शेकडो डाव खेळली. पण त्याला ती खेळणं म्हणत नसे. "तपासतोय आपण," म्हणायची.

आमचा खेळ म्हणजे रमी-तीनपत्ती नव्हे. दुकानात छापील चित्रांची पानं मिळतात. हजारो प्रकारची. त्यातून प्रत्येकाने आपापली साठ पानं निवडून आपला कॅट तयार करायचा आणि तो घेऊन दुसऱ्यासमोर बसायचं. कुठली साठ पानं घेता यातच अर्धा खेळ संपलेला असतो. मला हे कळायला चार वर्षं लागली. रेश्माताईला एका उन्हाळ्यात कळलं, तेही लाइट गेल्यामुळे.

जुन्या राजेंद्रनगरात एका इमारतीत तळमजल्यावर यूपीएससीवाल्यांची लायब्ररी होती आणि वरच्या मजल्यावर आम्हा खेळणाऱ्यांचा कॅफे. लायब्ररीत इन्व्हर्टर नव्हता, कॅफेत होता. मे महिन्यात लाइट गेली की खालची दहापंधरा मंडळी पुस्तकं घेऊन वर यायची, आणि मालक ग्रोव्हरजी एक चहा घेण्याच्या अटीवर त्यांना पंख्याखाली बसू द्यायचे. रेश्माताई त्यातली एक. बत्तीस-तेहतीसची, सडपातळ, सुती सलवार-कमीज, केसांत पेन खोचलेलं. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत राज्यघटनेचं जाडजूड पुस्तक उघडून बसे.

त्या दिवशी मी सलग तिसरा डाव हरले आणि आईला फोन लावला. "हरले गं. येतेच जेवायला, चलो, ठेवते."

मागून आवाज आला, "तुम्ही हरला नाहीत. तुमची तीन पानं नुसती बसून होती."

दिल्लीत अनोळखी माणूस मराठी बोलला की आधी आनंद होतो. मला रागही आला. मी म्हटलं, "तुम्ही खेळता?"

"नाही हो. पण तीन आठवडे बघतीय की. तुमचा तो काळा गरुड. हातात येतो, पण त्याला खाली उतरवायचं तर सात फेऱ्या थांबायचं. तोवर डाव संपतो. जावई आहे तो. मान सगळा त्याला, काम शून्य."

मी घरी जाऊन पानं पसरली आणि मोजून पाहिलं. खरंच तीन जावई होते, तिन्ही गरुड.

ती बार्शीची. रेश्मा तांबोळी. बार्शीच्या बाजारात वडिलांचं विड्याच्या पानांचं दुकान. रोज सकाळी ओल्या फडक्यातली पानं उलटायची, चवडीतलं डागाळलेलं पान काढायचं, नाहीतर दोन दिवसांत शेजारची पण जातात. हे ती सहा वर्षांची असल्यापासून करत होती. एकदा मी म्हटलं, "म्हणून तुला हे जमतं." तर हसली. "अब्बांना सांगू नको. पत्ते म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं एकच येतं, जुगाराचा अड्डा. मुलगी दिल्लीत कलेक्टर व्हायला गेलीय आणि पत्ते पिसतीय म्हणून कळलं तर दुसऱ्या दिवशी गाडीत बसतील."

कलेक्टर व्हायला ती आठ वर्षांपूर्वी आली होती. दोनदा मुलाखतीपर्यंत पोचली आणि दोन्ही वेळा तिथे पडली. पाच माणसं समोर बसून बघायला लागली की हात गार पडतात, म्हणायची, आणि येत असलेलं उत्तरही घशाखाली राहतं. "मला लिहायला सांगा, रात्रंदिवस लिहीन. बोलायला लावू नका." स्पर्धेत न खेळण्याचं कारणही तेच. तिचा एकच प्रयत्न शिल्लक होता.

त्या हिवाळ्यात ती दर रविवारी सकाळी आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये येऊ लागली. आईला वाटलं, मला अभ्यासाची गोडी लागली. बाबा मंत्रालयात अवर सचिव, त्यांनी पहिल्याच दिवशी चष्म्यावरून विचारलं, "कितवा अटेम्प्ट?" प्रश्न वाईट नव्हता, त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाला ते हेच विचारत. पण मला लाज वाटली. रेश्माताई शांतपणे म्हणाली, "शेवटचा, काका." बाबा उठले आणि स्वतः चहा करून घेऊन आले. मी त्यांना तोपर्यंत चहा करताना पाहिलं नव्हतं.

तिची पद्धत अशी. एक दोनशे पानी वही. प्रत्येक डावाला एक ओळ: कुठलं पान कधी हातात आलं, आलं तेव्हा उपयोगी पडलं का, नाही पडलं तर का नाही. वीस डाव झाल्याशिवाय काहीही बदलायचं नाही. आणि बदललं तर एकच पान. मी उतावळी. दोन डाव हरले की चार पानं काढून नवी चार घालायची, आणि जिंकले की कशामुळे जिंकले ते कळायचं नाही. ती म्हणायची, "एका वेळी चार औषधं घेतलीस तर गुण कशाचा आला ते डॉक्टरला तरी कळेल का?"

सगळ्या पानांना तिने नावं ठेवली होती. ज्या पानामुळे पुढची तीन पानं बघता येतात तो 'तलाठी', कारण सगळ्यांची माहिती त्याला. स्वतः न लढता दुसऱ्यांना कामाला लावणारा 'मुकादम'. स्वस्तातली, लगेच उतरवता येणारी पानं म्हणजे 'चहा': "पाहुणा आला की आधी हेच लागतं." मी घेतलेल्या एका सोनेरी, महागड्या पानाला ती 'सत्यनारायणाचा फोटो' म्हणे. काढायची हिंमत होत नाही, ठेवून काही होत नाही.

तिने मला मराठीही शिकवली. मी दिल्लीत वाढलेली. घरात मराठी बोलायचे, पण अर्धी हिंदीत कालवलेली. एकदा मी म्हटलं, "ताई, आपण बिल्कुल बेस्ट कार्ड्स वेचलीत ना?" तर ती म्हणाली, "वेचणं आणि निवडणं वेगळं. वेचायचं म्हणजे चांगलं दिसलं की उचलायचं. फुलं वेचतात, शेंगा वेचतात. निवडायचं म्हणजे हातात आहे त्यातलं वाईट काढून टाकायचं. तांदूळ निवडतात. आपलं वेचून झालं गं. आता निवडायचं. ते जास्त अवघड, कारण काढून टाकायचं असतं ते आपणच आणलेलं असतं."

मार्चमध्ये नोएडात मोठी स्पर्धा होती. देशभरातून खेळणारे येणार होते. मी तोवर कधी पहिल्या पन्नासातही आले नव्हते. फेब्रुवारीअखेर आमची एकोणसाठ पानं ठरली. साठावं ठरेना.

मला तिथे एक तरी गरुड हवा होता. तो माझा पहिला गरुड, कॉलेजात असताना घेतलेला. रेश्माताईला हवी होती 'कडी'. अगदी फालतू, कोणी न वापरणारं पान. चित्रात एक म्हातारी दाराला कडी लावतेय. काम एवढंच, की समोरच्याची एक चाल, फक्त एक, अडवायची. तिचं म्हणणं असं, की यंदा निम्मे लोक आगीचा कॅट घेऊन येणार. त्या कॅटचा सगळा जोर एका मोठ्या चालीत असतो. ती एक चाल अडवली की त्यांच्याकडे दुसरं काही नाही. "इतरांपुढं ही नुसती बसून राहील. पण ज्याच्यापुढं लागेल, त्याच्यापुढं दुसरं कुठलंच पान चालणार नाही."

"मग ही पण जावईच झाली की!" मी तिच्याच बोलीत म्हटलं.

"नाही. जावई काम असतानाही करत नाही. हिला काम पडलं तर करती." ती वही माझ्याकडे सरकवत म्हणाली, "बघ ना. साठ डाव आहेत. मी म्हणते म्हणून ऐकू नको, वाच."

मी वाचलं आणि हो म्हटलं, पण मनातून नाही.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही मेट्रोने नोएडाला निघालो. तिने डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची कडक भाकरी घेतली होती. यमुना ओलांडताना ती अचानक म्हणाली, "अनघा, मी म्हटलं होतं ना, माझं नाव कुठं घेऊ नको?"

"हो. घरी कळेल म्हणून."

"ते आता राहू दे. जिंकलीस आणि कोणी विचारलं, तर सांग. सांगितलं तरी चालेल." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "शेवटचा पेपर पण गेला तर, काहीतरी केलं होतं असं कुठंतरी असावं. आठ वर्षं झाली गं."

मी तिचा हात दाबला. "सांगेन. बिल्कुल सांगेन."

हे मी इतकं नेमकं लिहितेय, कारण नंतर मी कित्येकदा स्वतःला समजावलं की तिनेच नाव घेऊ नको म्हटलं होतं. म्हटलं होतं. आणि त्या सकाळी परतही घेतलं होतं.

नोंदणीच्या टेबलावर साठ पानांची यादी लिहून द्यायची असते. मग ती बदलता येत नाही. मी लिहिली. शेवटच्या ओळीत माझ्या हाताने गरुड लिहिला. रेश्माताईने यादी नजरेखालून घातली आणि केसांतलं पेन काढून माझ्या हातात दिलं.

"खोड."

"ताई, एकच तर..."

"खोड ते." आवाज चढला नव्हता. पण तशी ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी खोडलं आणि कडी लिहिली.

ती आत थांबली नाही. माझा डाव बघवत नाही म्हणून दिवसभर बाहेर पायऱ्यांवर डबा मांडीवर घेऊन बसली. प्रत्येक फेरीनंतर मी धावत जायची, ती भाकरीचा तुकडा हातात द्यायची आणि विचारायची, "कुठलं पान बसून राहिलं?" जिंकले का, हे कधीच आधी विचारलं नाही.

अंतिम फेरीत समोर चंदीगढचा एक सरदार मुलगा होता. आगीचा कॅट. एक डाव त्याचा, एक माझा, तिसरा चालू. त्याने सगळी जुळवाजुळव केली, माझ्याकडे बघून ओशाळवाणं हसला, चांगला मुलगा होता, आणि मोठी चाल टाकली. माझ्या हातात चार पानं होती. त्यातली एक म्हातारी, दाराला कडी लावणारी. ती मी टेबलावर ठेवली तेव्हा त्याला ते पान ओळखूच आलं नाही. त्याने उचलून वाचलं, परत वाचलं, आणि हातातली पानं खाली ठेवली.

लोक उभे राहिले. दिवे माझ्या तोंडावर, एका मुलाच्या हातात माइक. हे सगळं इंटरनेटवर थेट दिसत होतं, तिथेही बरेच लोक बघत होते.

"अनघा जी, ये एक पत्ता! पूरे टूर्नामेंट में किसी के पास नहीं था. ये आइडिया किसका था?"

मी तोंड उघडलं. समोर दोनेकशे चेहरे होते, सगळे माझ्याकडे बघत. आयुष्यात पहिल्यांदा.

"मेरा," मी म्हटलं. "चार महीने लगे. एक-एक कार्ड टेस्ट किया."

बोलताना माझी नजर गर्दीवरून फिरली आणि मला ती दिसली. टाळ्यांचा आवाज ऐकून आत आली असणार. डबा छातीशी धरून कॅमेरावाल्याच्या मागे उभी होती. ती हसत होती. माझं वाक्य संपलं तरी काही क्षण तशीच हसत राहिली, जसं एखाद्याला अजून ऐकू आलेलं नसतं.

परतताना मेट्रोत मी भराभरा बोलत होते. सरदार मुलगा, तिसरा डाव, त्याचा चेहरा. ती ऐकत होती. यमुना ओलांडल्यावर म्हणाली, "छान बोललात तुम्ही."

तुम्ही. कित्येक महिने ती मला 'अगं तूगं' करत होती.

मला तेव्हाच बोलता आलं असतं. मला राजीव चौकला उतरायचं होतं, त्याला अजून पाच स्टेशनं होती. मी म्हटलं, "थँक्यू, ताई."

पुढच्या रविवारी मी झोपेतून उठायच्या आत ती येऊन गेली. आईकडे वही देऊन गेली होती. आई म्हणाली, "बस म्हटलं, थालीपीठ लावलंय, तर म्हणाली क्लास आहे. आणि म्हणाली, वही अनघाजवळच असू दे, कॅट तिचाच आहे." आईला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटावं असं ती बोललीच नव्हती.

महिन्याभरात मला एक मेल आली. गुरुग्रामची एक कंपनी स्वतःचा पत्त्यांचा खेळ काढत होती. नवी पानं तपासून कुठलं ठेवायचं, कुठलं काढायचं हे ठरवणारं माणूस त्यांना हवं होतं. त्यांनी माझा व्हिडिओ पाहिला होता. मुलाखतीत त्यांनी साठाव्या पानामागचा विचार विचारला, आणि मी वहीतली वाक्यं इंग्रजीत बोलून दाखवली. तिची वाक्यं, तिच्या क्रमाने. इतरांपुढे ही नुसती बसून राहील, पण ज्याच्यापुढे लागेल, त्याच्यापुढे दुसरं कुठलंच पान चालणार नाही. ते तिघं एकमेकांकडे बघून मान हलवत होते.

ती नोकरी कोणाची होती हे मला खुर्चीत बसल्या बसल्या कळत होतं. तिथे बोलायचंही नव्हतं फार; दिवसभर तपासायचं आणि लिहायचं. जगात तिच्यासाठी कोणी नोकरी बेतून शिवली असती, तर ती अशीच झाली असती.

मी तिला फोन करून सांगितलं. "अभिनंदन," ती म्हणाली. "काकूंना सांगा, पेढे माझ्या वाटणीचे ठेवा." मुलाखतीत काय बोलले ते मी सांगितलं नाही. तिने विचारलं नाही.

जूनमध्ये तिची पूर्वपरीक्षा झाली. निकालात तिचा नंबर नव्हता. हे मला ग्रोव्हरजींनी सांगितलं, तेही ऑगस्टमध्ये, मी सहज कॅफेत गेले तेव्हा. "वो आपकी दीदी? वो तो रूम खाली करके चली गई. किताबें सब नीचे लायब्ररी में दे गई." मी खाली उतरले. तिचं राज्यघटनेचं पुस्तक रॅकवर होतं. समासात बारीक अक्षरांत टिपणं. एक मुलगी ते न्यायला थांबली होती, म्हणून मी बाजूला झाले.

मी फोन केला नाही. आधी लाज, मग उशीर झाला म्हणून, मग इतका उशीर झाला म्हणून.

नोकरी मी दीड वर्ष केली. वाईट नव्हती. पण वहीत जे होतं ते संपल्यावर मला काही सुचेना. पानं छान दिसायची, मी ती वेचायची. काढून टाकायची वेळ आली की प्रत्येक पान कोणीतरी मेहनतीने रंगवलंय असं वाटायचं. साहेब एकदा म्हणाले, "यार अनघा, वो कडी वाला दिमाग कहाँ गया?" तेव्हाही सांगता आलं असतं. बार्शीला गेलंय, म्हणून. मी म्हटलं, कोशिश कर रही हूँ. थोड्या दिवसांनी राजीनामा दिला.

गेल्या जानेवारीत बाबांबरोबर कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात गेले होते. निवृत्तीनंतर त्यांना तिथे जेवायला आवडतं. कँटीन भरलेलं. दोन लांब टेबलांवर पंचवीसेक बायका, नऊवारी-सहावारी, स्वेटर, गळ्यात ओळखपत्रं. सोलापूर जिल्ह्यातल्या सरपंच, संसद बघायला आलेल्या. आणि त्यांच्यामध्ये उभी राहून कोणाला भात, कोणाला पोळी हे वाढप्याला सांगत होती रेश्माताई. जरा भरली होती. चष्मा लागला होता.

तिनेच मला आधी पाहिलं. "अरे, काका! अनघा! बसा की."

ती पंचायत समितीत विस्तार अधिकारी झाली होती. "जिल्हा परिषदेची परीक्षा दिली. मुलाखत नव्हती, नुसते पेपर," ती हसून म्हणाली. अब्बा बरे होते. दुकान भाऊ बघत होता. तिने माझा हात धरून सरपंचांना सांगितलं, "या माझ्या दिल्लीच्या मैत्रीण. पत्त्यांच्या खेळात देशात पहिल्या आल्या होत्या. साधेसुधे पत्ते नाहीत, फार डोकं लागतं."

तिच्या बोलण्यात टोचणी असेल म्हणून मी शोधत होते. नव्हती.

एक आजीबाई सरपंच म्हणाल्या, "म्याडम, तुमी बी खेळता व्हय?"

"छे हो," रेश्माताई म्हणाली. "मला कुठं येतंय."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. बाबाही बघत होते. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, किती वर्षांपासून तयार होतं: हिनेच केला होता तो कॅट, सगळा, शेवटचं पानसुद्धा. मी श्वास घेतला. तेवढ्यात ड्रायव्हर दारात येऊन म्हणाला, "मॅडमजी, गेट का टाइम हो जाएगा," आणि खुर्च्या सरकल्या, पिशव्या उचलल्या गेल्या, कोणाचा तरी मफलर सापडेना.

"येते हं, काका. काकूंना सांगा," ती म्हणाली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बऱ्या आहात ना तुम्ही?"

"ताई, मला एक..."

"बोला की."

"काही नाही. फोन करते."

"करा." ती वळली.

मी मागोमाग बाहेर फाटकापर्यंत गेले. थंडी होती, धुकं पुरतं विरलं नव्हतं. बायका एकेक करून बसमध्ये चढत होत्या, ती पायरीशी उभी राहून त्यांना मोजत होती आणि म्हाताऱ्यांना कोपराला धरून वर चढवत होती. सगळ्यांत शेवटी ती चढली. बस सुरू झाली तेव्हा ती पुढच्या काचेपाशी उभी होती. तिने हात वर केला. मीही जोरजोरात हात हलवला. मग बस वळली आणि दिसलं, त्या हाताने ती ड्रायव्हरला डावीकडचा रस्ता दाखवत होती.